पांढऱ्या वाफेचा गुन्हा

मला बंद ठेवण्यात आमचे व्यवस्थापक खुशालराव यांचा फायदा काय होता, ते आधी सांगतो. महिन्याला चाळीस ट्रक चुनखडी वाचणार होती, माझ्या पंपांना लागणारी वीज वाचणार होती आणि वरच्या साहेबांची शाबासकी मिळणार होती. अडलं होतं ते फक्त कारणावाचून. ते गावानं आयतं आणून दिलं.

मित्रांनो, मी वऱ्हाडातल्या एका लहानशा खासगी वीजघरातला धूर धुणारा जुना मनोरा आहे. कोळसा जळला की गंधकाचा वायू धुरात मिसळतो. तो डोळ्यांना दिसत नाही, घशाला मात्र झोंबतो. त्या धुरावर मी चुनखडीच्या पाण्याचा फवारा मारायचो. गंधक जिप्सम होऊन माझ्या तळाशी बसायचं आणि धुराड्यातून दाट पांढरी वाफ निघायची.

शेजारच्या गावच्या चंदाबाईची मुलगी प्राजक्ता दम्याची. आईला वर पांढरा लोट दिसला आणि बायका घेऊन ती फाटकावर धडकली.

माझे फवारे साफ करणारे बुधाजी म्हणाले, "बाई, थे वाफ होय. मारते थे दिसत नाही."

"दिसत नाही थे तुमाले बरं समजते, काका! पगार कोण देते तुमाले?"

बायका हसल्या. बुधाजींनी मान खाली घातली. खुशालराव मात्र लगबगीनं आले, खुर्च्या मागवल्या, चहा पाजला.

"ताई, तुमचं म्हणणं फक्त लेखी द्या."

'पांढरा धूर बंद करा' असा अर्ज झाला आणि चंदाबाईनं त्यावर पहिली सही केली.

दुसऱ्या दिवशी माझे पंप थांबले. धूर मला वळसा घालून परस्पर धुराड्यात गेला. आकाश निळंभोर! गावात पेढे वाटले, खुशालरावांना शाल-नारळ दिला. मला काही कळेना. राबत होतो तर शिव्या, थांबलो तर पेढे. मग मी इतकी वर्षं करत होतो ते चांगलं की वाईट?

आठवडाभरात चंदाबाई एकटीच आली. "काका, धूर तं गेला. मंग पोरगी काहून धापा टाकून राहिली?"

बुधाजींनी पुन्हा समजावलं. या वेळी ती हसली नाही. तिनं अर्ज परत मागितला.

"तो वर गेला, ताई," खुशालराव म्हणाले. "आता वरूनच उत्तर येईल."

ते अजून आलेलं नाही. मित्रांनो, काम करणाऱ्याला थांबवण्याआधी तो काय करतो, एवढं तरी विचारत जा.

खुशालरावांना बढती मिळाली. गावाला निळं आकाश मिळालं. माझ्या वाट्याला गंज आला. प्राजक्ता अमरावतीच्या दवाखान्यात आहे. तिचं पाचवीचं वर्ष गेलं.