पहिलीतून दुसरीत

मित्रांनो, आज तुम्ही मला पाहिलंत तर पाण्याच्या टाकीचं झाकण समजाल. माझी त्याला हरकत नाही, कारण गेली दोन वर्षं मी तेच काम करतो आहे. पण मी मूळचा फळा आहे. पिंपरीच्या एका कारखान्याच्या फाटकाशी मी सतरा वर्षं उभा होतो आणि माझ्यावर काय लिहिलं आहे ते वाचल्याशिवाय तिथे कोणी कामाला लागत नसे.

माझा जन्म १९६२ सालचा. कारखान्याची यंत्रं परदेशातून जाड लाकडी खोक्यांत आली. यंत्रं आत गेली आणि खोकी उन्हात पडली. सयाजी सुताराला त्या लाकडाची दया आली. त्याने मला रंधा मारला, दोन्ही अंगांनी काळा रंग दिला आणि दोन लोखंडी खांबांच्या मध्ये घट्ट बसवलं. "ह्याला वाळवी लागायची न्हाई," असं तो म्हणाला होता. वाळवी खरंच लागली नाही. जे लागलं त्याबद्दलच मला सांगायचं आहे.

मला दोन बाजू होत्या. एक हजेरीच्या घड्याळाकडे. तिच्यावर कोण कुठल्या शिफ्टला ते लिहिलेलं असे. सात ते तीन ती पहिली, तीन ते अकरा ती दुसरी आणि पुढे रात्रीची तिसरी. माझी दुसरी बाजू कँटीनकडे. तिच्यावर सुट्ट्या, कँटीनचा बेत आणि आमच्या फुटबॉल संघाचे निकाल. दोन्ही बाजूंना अक्षर एकाच माणसाचं, शिफ्ट लावणाऱ्या टाइम ऑफिसातल्या लक्ष्मणरावांचं. काय अक्षर होतं ते! नुसत्या खडूने लिहायचे, पण छापल्यासारखं दिसायचं. मला त्या अक्षराचा फार अभिमान होता. कारखान्यात कशावरून वाद झाला की कोणीतरी म्हणे, "फळ्यावर आहे का? मग झालं." मी कधी खोटं बोललो नव्हतो.

आमचा फुटबॉल संघ साधाच होता. टूलरूममधला टर्नर सोनबा त्याचा मॅनेजर. टूलरूमला एकच शिफ्ट असे, त्यामुळे संध्याकाळी तो मोकळा असायचा. कमी बोलणारा माणूस. एक गोष्ट तो एकदाच सांगायचा, समोरच्याला कळली तर कळली. त्याने १९६९ साली संघाला जिल्ह्याच्या लीगमध्ये दुसऱ्या डिव्हिजनमधून पहिलीत नेलं. त्या दिवशी माझ्या कँटीनकडच्या बाजूला झेंडूचा हार पडला होता. लोक डिव्हिजन हा शब्द कशाला उच्चारतील? "आपण पहिलीत गेलो," एवढंच म्हणायचे आणि सगळ्यांना कळायचं.

पहिल्या डिव्हिजनचे सामने पुण्यात, आठवड्याच्या मधल्या वारी, संध्याकाळी पाच वाजता. म्हणजे खेळाडू पहिल्या शिफ्टला असला तरच त्याला जाता येणार. म्हणून लीग चालू असेपर्यंत खेळाडूंना पहिलीत ठेवायचं असा रिवाज पडला होता. तो कुठे लिहिलेला नव्हता. लक्ष्मणरावांनी सोनबाला शब्द दिला होता, तेवढाच त्याला आधार.

१९७३च्या हंगामात तो शब्द मोडला. कसा, ते माझ्या अंगावरच लिहिलं गेलं. ज्या आठवड्यात सामना, त्या आठवड्यात आमचा गोली, दोन्ही फुलबॅक, सेंटर फॉरवर्ड आणि लेफ्ट आउट हे पाच जण दुसऱ्या शिफ्टला. पहिल्या वेळी मला वाटलं, चूक झाली असेल. सोनबा माझ्यासमोरच लक्ष्मणरावांना म्हणाला, "पोरं पहिलीत ठेवा, राव." लक्ष्मणराव हसून म्हणाले, "या आठवड्यात घे सांभाळून. वरून जरा दाब आहे. पुढच्या आठवड्यात नक्की." पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्याही आठवड्यात तेच. वरून खरंच दाब होता की नाही, देव जाणे. माझ्या पाठीला टेकून बोलले जायचे ते शब्द फार गोड असत. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मी त्या वर्षी शिकलो.

तुम्ही विचाराल, लोकांना हे दिसलं कसं नाही? अहो, शिफ्टच्या यादीत माणूस फक्त स्वतःचं नाव शोधतो. ते सापडलं की पुढे चालू लागतो. आणि पहिलीची माणसं दुसरीच्या माणसांना भेटणार कधी? तीन वाजता फाटकात, एक आत येताना आणि एक बाहेर जाताना. कँटीनकडून मात्र सगळ्यांना दिसे की संघात आपले नेहमीचे पाच जण नाहीत. मग लोकांनी आपापसात ठरवून टाकलं की सोनबाने त्यांना संघाबाहेर बसवलं.

अकरा सामने झाले. जिंकलो एक, बरोबरीत दोन, हरलो आठ. आम्ही खाली गेलो. लक्ष्मणरावांनी ते आकडे माझ्यावर लिहिले आणि खाली रेघ ओढली. रेघही सुरेख होती.

मग एका सोमवारी, तीन वाजता पहिली शिफ्ट सुटल्यावर, माझ्या कँटीनकडच्या बाजूसमोर बैठक भरली. सोनबाला मॅनेजर ठेवायचं की काढायचं, एवढाच विषय. ते पाच खेळाडू बैठकीला नव्हते. ते त्या वेळी आत मशीनवर होते, कारण ते अजूनही दुसरीतच होते.

खंडू मोशीचा, जुन्या शेतकरी घरातला, आवाज मोठा. तो म्हणाला, "आमी पुण्याला पदरचा खर्च करून जातो आन काय बघतो? सेंटर फॉरवर्ड न्हाई, गोली न्हाई. ज्याला खेळता येतं त्यो घरी आन ह्याच्या मर्जीतला मैदानात. वर म्हणायचं पोरं कमी पडली. नाचता येईना, अंगण वाकडं."

असेंब्लीतला भीमराज सोनबाच्या बाजूचा. त्याचे वडील आणि सोनबा या कारखान्यात एकाच दिवशी लागले होते. तो शांतपणे म्हणाला, "अकरा सामन्यांवर माणूस मोजू नका. आपल्याला पहिलीत नेलं कुणी? चार वर्षं तिथं टिकवलं कुणी? वाईट हंगाम कुणालाही येतो."

"मग त्यानं सांगावं ना कशानं आला," खंडू म्हणाला. "तोंड न्हाई का त्याला?"

सगळे सोनबाकडे बघू लागले. सोनबाने आधी लक्ष्मणरावांकडे पाहिलं. ते माझ्या शेजारीच उभे होते. एक वाक्य बोलले असते तर सगळं मिटलं असतं. ते खडूकडे बघत राहिले. तेव्हा सोनबा म्हणाला, "मी काय सांगू? पोरं पहिलीत ठेवा म्हणून आधीच सांगितलं होतं. पोरं दुसरीत गेली, तिथंच सगळं संपलं."

मग खंडू मोठ्याने हसला. "ऐका! दुसरीत पोरं गेली म्हनं. ह्यो न्हाई गेला. ह्यो अजून पहिलीतच हाय."

सगळे हसले. मित्रांनो, मी आतून ओरडत होतो. अरे, तो डिव्हिजनचं बोलत नाही, शिफ्टचं बोलतोय! चार पावलं चला, माझ्या पाठीवर वाचा, पाचही नावं तिथे आहेत! पण फळ्याला तोंड नसतं. सोनबाने तेच वाक्य पुन्हा नीट सांगितलं असतं तर? पण तो एकदाच सांगणारा माणूस. आणि ज्याने शब्द दिला होता तो समोर गप्प उभा असताना आपण पुन्हा कशाला सांगायचं, असं त्याला वाटलं असावं.

सगळ्यात जास्त लागलं ते भीमराजचं. त्याचा चेहरा पडला. "सोनबाभाऊ, हरलो तर हरलो," तो म्हणाला. "पण पोरांवर नको होतं ढकलायला." आणि काढण्याच्या बाजूने त्यानेही हात वर केला.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मणराव लवकर आले आणि त्यांनी माझी शिफ्टची बाजू स्वतः पुसली. एरवी हे काम झाडलोट करणाऱ्या जाईबाईचं. मग कँटीनच्या बाजूला त्यांनी लिहिलं, की फुटबॉलचे नवे मॅनेजर म्हणून लक्ष्मणराव काम पाहतील. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं. ज्या अक्षरावर मी इतकी वर्षं मिरवलो, त्याची त्या दिवशी मला किळस आली.

पुढच्या वर्षी, दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, संघाने सलग सहा सामने जिंकले. मला हार पडले. खंडू येता-जाता म्हणे, "ह्याला म्हणत्यात मॅनेजर." वरचा तो दाब आता कुठे गेला होता, हे कोणी विचारलं नाही.

एका सकाळी सोनबा आणि भीमराज घड्याळापाशी एकाच वेळी आले. बोलणं तसं बंदच होतं. सोनबाने स्वतःचं नाव पाहिलं नाही. त्याचं बोट सावकाश त्या पाच नावांखालून फिरलं. मला त्या बोटाचा खरखरीतपणा अजून आठवतो.

"पोरं पहिलीत आली," तो म्हणाला. "बरं झालं."

भीमराज तुटकपणे म्हणाला, "कुठली पहिलीत? अजून चार सामने हायेत."

"डिव्हिजन नाही रे. शिफ्ट."

भोंगा झाला आणि सोनबा आत गेला. भीमराज तिथेच उभा राहिला. त्याने ती नावं वाचली आणि पुन्हा वाचली. त्या दिवशी त्याला हजेरीला उशीर झाला.

जेवणाच्या सुट्टीत तो कँटीनच्या बाजूला आला. खडूचा तुकडा घेऊन त्याने निकालांच्या खाली वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं: "गेल्या साली आपले पाच खेळाडू दर सामन्याला दुसऱ्या शिफ्टमध्ये लावले होते. सोनबाभाऊ हेच सांगत होते. मी हात वर केला ती माझी चूक. भीमराज, असेंब्ली."

लक्ष्मणरावांनी जाईबाईला फडकं घेऊन धाडलं. तिने ओळ ओळ लावून सगळं वाचलं. प्रौढांच्या वर्गात ती नुकतीच अक्षरं शिकली होती. मग परत जाऊन म्हणाली, "साहेब, नळाला पाणी न्हाई. कोरडं फडकं फिरवलं तर फळा खराब हुतो." कँटीनचा नळ तर माझ्यासमोर चांगला वाहत होता. त्यामुळे ते लिहिलेलं दुसऱ्या सकाळपर्यंत टिकलं आणि तिन्ही शिफ्टनी ते वाचलं.

तीन वाजता सोनबा बाहेर आला. त्याने ते वाचलं आणि तो माझ्या शेजारी उभा राहिला, पहिली शिफ्ट पूर्ण सुटेपर्यंत. लोक येत, वाचत, त्याच्याकडे बघत आणि डबा सावरत फाटकाबाहेर जात. खंडूही आला. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "झालं गेलं. आता जिंकतोय ना?" आणि बससाठी पळाला. भीमराज लांबूनच पाहत होता. त्याला जवळ यायचा धीर झाला नाही. फाटक रिकामं झालं तेव्हा सोनबाने सायकल काढली. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत तो मागच्या फाटकाने ये-जा करत राहिला.

पुढे काचेचा नवा बोर्ड आला आणि मी टाकीवर आलो. त्याचं मला दुःख नाही, पाणी झाकणं हे प्रामाणिक काम आहे. तुमच्या वर्गातल्या फळ्याला मात्र जपा, मित्रांनो. त्याला ओल्या फडक्याने पुसा, त्याच्यावर खिळे ठोकू नका. आणि कोणा माणसावर तुमच्या हातून अन्याय झाला, तर ते फळ्यावर लिहून मोकळे होऊ नका. तो शेजारीच उभा असतो. त्याच्याजवळ जा आणि तोंडाने सांगा.