गार इंजिन

जुन्या इटालियन मोटरसायकलींच्या धंद्यात एक रीत आहे. गिऱ्हाईक आलं की आधी रंग बघत नाही, भाव विचारत नाही. हातमोजा काढतं आणि इंजिनावर तळवा ठेवतं. इंजिन गार हवं. या म्हाताऱ्या गाड्या तापलेल्या असल्या की कुणाच्याही किकला सुरू होतात. त्यांची खरी दुखणी कळतात ती गार असतानाच. म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधीच गाडी तापवून ठेवणारा सरळ चोर समजला जातो. एकदा हा शिक्का बसला की त्याच्या दारात पुन्हा कुणी पाय ठेवत नाही.

मिस्त्रींवर तो शिक्का कधी बसला नव्हता. उलट ‘मिस्त्री गार म्हणाले ना, मग हात कशाला लावायचा,’ असं म्हणणारे लोक होते. आयुष्यभर खपून त्या माणसाने एवढीच इस्टेट जमवली होती. बाकी सगळे पाने, पकडी आणि ग्रीसचे डबे.

त्या सकाळी त्यांची थोरली मुलगी दूध घेऊन गल्लीत वळली आणि जागीच थबकली. गॅरेजमधून विकायला काढलेल्या लाल गाडीचा आवाज येत होता. ती धावत आत शिरली. बाबांनी गाडी बंद केली आणि चोरून खाऊ खाताना सापडल्यासारखे हसले.

“आज जाणार ना ही. एकदा ऐकून घेतलं.”

“बाबा! कॅप्टन येतायत, आत्ता, इतक्यात!”

“येऊ दे की,” म्हणत ते हात धुवायला गेले.

कॅप्टन म्हणजे निवृत्त वैमानिक. त्यांनी एक गाडी घेतली की बाकीचे शौकीन मान डोलवत मागे येत. आणि ही लाल गाडी बाबांनी कोंबड्यांच्या खुराड्यातून गंजका सांगाडा म्हणून उचलून आणली होती. वर्षानुवर्षं रक्त आटवून उभी केली होती. थोरलीने टेबलफॅन ओढून इंजिनासमोर लावला. पाणी मारायची सोय नव्हती, तापल्या धातूला तडा गेला असता. सायलेन्सरचा पाइप निवताना टिक टिक वाजत होता.

बाबा हात पुसत आले. “पंखा कशाला? गाडीला उकडतंय का?”

ती बघतच राहिली. चेष्टा नव्हती ती. ते विसरले होते. हल्ली असं व्हायचं. हातातला पाना हातात धरून शोधत बसायचे. हे फक्त तिला ठाऊक होतं. बाहेर कुणाला आणि खुद्द बाबांनाही ते कळू नये म्हणून ती डोळ्यांत तेल घालून वागत होती.

दारात बूट वाजले. तिने झटकन पंखा बंद केला.

कॅप्टनांनी हातमोजा काढला, इंजिनावर तळवा ठेवला. तो उचलून पाइपला लावला आणि चटकन मागे घेतला.

“मिस्त्री, गाडी गरम आहे.”

“शक्यच नाही.” बाबांचा आवाज चढला. “कॅप्टनसाहेब, सकाळपासून हिला कुणी शिवलेलं नाही. माझा शब्द आहे.”

टिक. टिक.

कॅप्टनांचा चेहरा दगडासारखा झाला. ते मोजा परत चढवू लागले. थोरलीने दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. खरं सांगावं, तर आपलं डोकं आपल्याला दगा देतंय हे बाबांना परक्या माणसासमोर कळणार. गप्प बसावं, तर ते खोटारडे ठरणार. काहीही केलं तरी बाबांचाच बळी जात होता.

“मी सुरू केली,” ती म्हणाली. “बाबा आंघोळीला गेले होते. गार असताना सुरू होईल की नाही, भीती वाटली. त्यांना यातलं काही माहीत नाही.”

बाबांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. “माझ्या गॅरेजात? माझ्या नावावर? लाज नाही वाटली तुला?”

“चुकलं, बाबा.”

“चुकलं म्हणे!” ते कॅप्टनांकडे वळले. “उद्या सकाळी या. मी आतून कडी घालून स्वतः राखण करतो. ही बया गाडीच्या आसपास फिरकणार नाही.”

कॅप्टन ‘बरं’ म्हणाले आणि तिच्याकडे न बघता निघून गेले. तिला फार लागलं ते. बाबांच्या मागे हे गॅरेज तीच चालवणार होती. आता चोराच्या हातून कोण गाडी घेणार?

दुसऱ्या दिवशी ती बंद शटरबाहेरच्या पायरीवर बसून होती. बाबांनी तिच्या हातचा चहासुद्धा घेतला नव्हता. तिचा जीव टांगणीला लागला होता, कान शटरला.

कॅप्टन चालत आले. “आत आहेत?”

“आहेत. मला बंदी आहे.”

त्यांनी शटर वाजवायला हात उचलला, तोच आतून किकचा आवाज आला. पहिली फुकट गेली. दुसरीला लाल गाडी गारच्या गार इंजिनावर धडधडून सुरू झाली. थोरलीने डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने आवाज थांबला आणि आत बाबा प्रेमाने म्हणाले, “आज जाणार ना तू. एकदा ऐकून घेतलं.”

कॅप्टनांचा हात तसाच वर राहिला. त्यांनी तिच्याकडे बघितलं. तिला रडू फुटलं, पण तिने ते तोंडात पदर कोंबून आवरलं. कॅप्टन क्षणभर तिच्याशेजारी पायरीवर टेकले. मग त्यांनी उठून शटर वाजवलं.

बाबांनी ताठ मानेने शटर वर केलं. “या, साहेब. कालपासून हिला कुणी शिवलेलं नाही. माझा शब्द आहे.”

टिक. टिक.

कॅप्टनांनी मोजा काढला आणि इंजिनावर तळवा ठेवला. त्यांच्या जबड्याची शीर टरारली. हात त्यांनी काढला नाही.

“गार आहे, मिस्त्री,” ते म्हणाले. “गाडी माझी.”

बाबा थोरलीकडे वळले. “बघ. शिक जरा. असा करतात धंदा.”

“हो, बाबा,” ती म्हणाली. कॅप्टन लाल झालेल्या तळव्यावर सावकाश मोजा चढवत होते.