काउंटरवरून गेलेला पत्ता

सोमवारी सकाळी पावणेअकराला गिरगावातल्या सहकारी बँकेच्या शाखेत रुपालीचा फोन आला. आदल्या संध्याकाळी तिचा नवरा हितेंद्र अँटॉप हिलला तिच्या इमारतीखाली तासभर उभा होता. मारहाणीमुळे चार महिन्यांपूर्वी तिने वाडीतलं घर सोडलं होतं. नवा पत्ता तिने फक्त बँकेत दिला होता.

शाखाधिकारी सीमाला फार शोधावं लागलं नाही.

“मीच सांगितला,” काउंटरवरचे चिंतामणीकाका म्हणाले. “बायकोचं कार्ड घरी आलं नाही म्हणाला. म्हटलं, आता तिचा पत्ता अँटॉप हिलचा आहे, तिकडे गेलं असेल. इमारतीचं नावही वाचून दाखवलं. पण खात्यात किती आहेत विचारलं, तर तोंड उघडलं नाही मी!”

“काका, पत्ता ही सुद्धा खाजगी माहिती आहे.”

“पत्ता कसला खाजगी, मॅडम? वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. पत्रिका वाटायला निघालेले लोक आधी माझ्याकडे येतात. तुम्ही नव्हता आलात, तुमच्या मुलीच्या लग्नाच्या वेळी?”

पत्रिकांसाठी चार पत्ते सीमाने त्यांच्याकडूनच घेतले होते.

मुख्य कार्यालयाचा फॉर्म उघडून तिने ‘उघड झालेली वैयक्तिक माहिती’ या रकान्यात ‘पत्ता’ लिहिलं. कारण विचारलं होतं.

“चुकून, असं लिहा,” काका म्हणाले. “मे महिन्यात रिटायर होतोय.”

“चुकून कुठे? सवयीने सांगितलात.”

काकांनी चष्मा काढून पुसला, पण पुन्हा घातला नाही. “मारायचा तिला, हे माहीत असतं तर...”

“तिने ते बँकेला का सांगावं?”

दुपारी सीमाने रुपालीला फोन केला.

“पोलिसांत सांगितलंय. मैत्रिणीकडे आलेय. कुठे, ते विचारू नका.”

“नाही विचारत. पण बँकेच्या नोंदीत—”

“तुमच्या नोंदीत नकोच, ताई.”

सीमाने सध्याच्या पत्त्याचा रकाना रिकामा ठेवून फॉर्म पाठवला. पाच वाजून वीस मिनिटांनी तो परत आला. शेरा होता: ‘ग्राहकाचा सध्याचा पत्ता भरावा. त्याशिवाय तक्रार नोंदवता येणार नाही.’

तिने रुपालीचा नंबर पुन्हा लावला. फोन बंद होता. साडेसहाला शाखेचं शटर ओढलं तेव्हाही तो बंदच होता.