पानांची कुलपं

शाळेचं विज्ञानाचं पुस्तक एकटा माणूस करत नाही. लेखक लिहितो, चित्रकार चित्रं काढतो आणि शेवटी काकूंसारखं कोणीतरी चुका शोधतं. पूर्वी ही मंडळी एकाच लांब टेबलाशी बसत. आता सगळे आपापल्या घरी आणि पुस्तक मात्र संगणकावर सर्वांचं मिळून एकच. एकाने पान उघडलं की इतरांना त्यावर छोटंसं कुलूप दिसे. त्याने पान मिटेपर्यंत थांबायचं, म्हणजे एकाचं काम दुसऱ्याच्या हातून पुसलं जायला नको.

काकूंच्या घरात दुसरं माणूस नव्हतं. एकदा पान उघडं ठेवून त्या कपडे वाळत घालायला गेल्या, तर चित्रकाराचा फोन आला.

"काकू, पानावर मुक्काम ठोकलाय का? जरा तंबू हलवा, मला चित्र बसवायचंय."

मग दहा मिनिटं गप्पा झाल्या. त्याच्या दुखऱ्या पाठीच्या, काकूंच्या गळक्या नळाच्या. दुसऱ्या दिवशी काकूंनी पान मुद्दामच उघडं ठेवलं. पुढे ते रोजचंच झालं.

प्रकाशनाच्या साहेबांनी एक दिवस कळवलं की कुलपांमुळे फार खोळंबा होतो, ती काढून टाकली आहेत. आता एका पानावर सगळ्यांना एकाच वेळी काम करता येईल. सोय खरंच चांगली होती. काकू स्वल्पविराम नीट करत आणि त्याच पानावर चित्रकाराची हिरवी खूण सरकताना दिसे. कोणाचं कोणावाचून अडेनासं झालं. आठवडा गेला, फोन काही वाजला नाही.

नवव्या दिवशी काकूंनीच फोन लावला. त्याने विचारलं, काही अडलंय का? नाही म्हटलं असतं तर बोलणं तिथेच संपलं असतं. समोर त्याने काढलेला बेडूक होता. तीस वर्षांत काकूंनी बरोबर गोष्टीला कधी चूक म्हटलं नव्हतं.

"बेडकाच्या पुढच्या पायाला पाच बोटं काढलीयस," त्या म्हणाल्या.

पलीकडे तो मोजत असणार. काकूंचे कान तापले.

"चारच आहेत, काकू." तो म्हणाला. "तुम्ही तर मोजल्याशिवाय बोलत नाही."

"मोजली होती," काकू म्हणाल्या. "चारच होती."

आता हा हसेल, नाहीतर साहेबांना सांगेल की काकूंची नजर अधू झाली, त्यांचं काम काढून घ्या. फोनमधून खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.

"मागच्या पायांची राहिलीत," तो म्हणाला. "मी डावा घेतो, तुम्ही उजवा घ्या. घाई नाही."

काकूंनी पदराने चष्मा पुसला, पडद्यावर बोट टेकवलं आणि मोठ्याने मोजायला सुरुवात केली.