आक्काला काय सांगायचं

“पण तिला मूल होईल ना?” धम्मपालनं विचारलं, आणि शेजारी बसलेल्या त्याच्या लेकीनं, मोनालीनं मान खाली घातली.

नवीन जालन्यातल्या दवाखान्यात डॉक्टरबाई मघापासून समजावून सांगत होत्या. एकोणीस वर्षांची पोर अशी ठेंगणी का राहिली, अजून पाळी का आली नाही. बाईच्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत एक्स नावाची दोन गुणसूत्रं असतात, मोनालीत एकच होतं. टर्नर सिंड्रोम. जन्माआधीच घडलेलं, कुणाच्याही चुकीनं नव्हे.

“आपोआप दिवस राहणं फार अवघड आहे,” बाई म्हणाल्या. “पण औषधांनी पाळी येईल, हाडं टिकतील. हृदय मात्र तपासून घ्या. बाकी शिकेल, नोकरी करेल, संसारही करेल.”

धम्मपालला पुढचं ऐकूच आलं नाही. थोरल्या बहिणीच्या मुलाशी, वसंताशी मोनालीचं लग्न ठरल्यात जमा होतं. ती बहीण, चतुराआक्का, आज संध्याकाळीच तारीख धरायला त्यांच्या घरी टेंभुर्णीला येणार होती.

बसमध्ये तो बायकोला हळूच म्हणाला, “आक्काजवळ काही बोलू नको. अशक्तपणा हाय म्हणू.”

“अन् मंग?” कौसल्या उसळली. “दोन वर्षांनी पोरीला वांझ म्हणून हाकलतील. तवा तुम्ही जाणार का सांगायला?”

पुढच्या सीटवर मोनाली खिडकीबाहेर बघत होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

घरी आक्का आधीच येऊन बसली होती. “काय म्हणले डॉक्टर? पोरीत काही खोट न्हाई ना?”

अशक्तपणा हा शब्द धम्मपालच्या अगदी ओठांवर आला. दारात मोनाली त्याच्या तोंडाकडे एकटक बघत उभी होती.

“खोट न्हाई, आक्का,” तो म्हणाला. “पण तिला मूल होणं अवघड हाय. जन्मापासूनचं हाय ते. आमालाच आज कळालं.”

आक्का पदर सावरून उठली.

“लेकरू गुणाचं हाय रे धम्मा. पण माझा वसंता एकुलता एक.”

ती गेली. कुणीच कुणाकडे बघेना.

“मम्मी, लई भूक लागली,” मोनाली म्हणाली.

कौसल्या डोळे पुसत होती. धम्मपालच उठला. त्यानं ताटात भाकरी वाढली, वरण वाढलं आणि ताट लेकीसमोर ठेवून तिच्याशेजारी मांडी घालून बसला. मोनाली ताठ बसून सावकाश जेवत राहिली.