मिमोझाची मोजणी

माझ्या नवऱ्यानं पैज मारली आणि पणाला लावली माझी मिमोझा! स्वतःची होडी लावायची, जाळी लावायची. पण नाही.

मिमोझा म्हणजे आमची जिबोया, अजगरासारखी सापीण. आमच्या नदीकाठी कसाव्याच्या पिठाच्या प्रत्येक कोठारात असा एक साप असतोच. बिनविषारी, पण उंदरांचा काळ. मिमोझा आणि पलीकडच्या काठावरच्या बेलार्मिनोची पेरोला या सख्ख्या बहिणी, एकाच वेताच्या. आणल्या तेव्हा दोघी करंगळीएवढ्या होत्या. तीन वर्षांत पेरोला माझ्या मांडीएवढी जाड झाली आणि आमची मनगटाहून जराशी जास्त.

"वहिनी, साप पाळलाय की बुटाची नाडी?" बेलार्मिनो होडीतूनच ओरडायचा.

एकदा माझा नवरा दिओनिझियो तापलाच. "ये संत योहानाच्या सणाला! वाशावर मोजू. जिची लांबी कमी, ती जिंकणाऱ्याच्या घरी!"

आणि मग हा शहाणा मिमोझाला कोंबडीची पिल्लं चारायला बसला. पहिलं जिरायच्या आत दुसरं. तिनं दोन्ही ओकून टाकली. मी झाडू उचलला.

"पुन्हा चारलंस तर बघ! दोन-तीन आठवड्यांतून एक उंदीर, तोही तिच्या अंगाहून जाड नको. सावकाश वाढेल, पण अंगानं घट्ट वाढेल."

"आणि हरलो तर?"

मी झाडू कोपऱ्यात ठेवला. मिमोझा जाणार या विचारानं मला घास गोड लागेना.

सणाला आमच्या अंगणात ही गर्दी! साप ओढून मोजला तर त्याचा कणा दुखावतो, म्हणून आमच्याकडे हात लावायचा नाही अशी रीत आहे. सापानं आपला आपण कोठाराचा खांब चढायचा आणि वरच्या वाशावर लांब व्हायचं. मग नाकापाशी आणि शेपटीपाशी कोळशाची खूण करायची. वाशावर पोचला नाही तर मोजणीच नाही, तो हरला.

आधी मिमोझा. खांबाला विळखा घातला आणि काय सांगू, बघता बघता वर! वाशावरून अशी सुळकन गेली की खुणा करणाऱ्याची धांदल उडाली. पण माझं लक्ष खालच्या टोपलीकडे, कारण पेरोला मिमोझाहून चांगली हातभर जास्त लांब होती.

"आता बघा राणीसाहेब!" बेलार्मिनोनं टोपली उघडली.

पेरोला चढू लागली. माझ्या कमरेपर्यंत आली. लोक ओरडायला लागले, ढोल वाजायला लागले. मी डोळे मिटले. तेवढ्यात धप्पकन आवाज! राणीसाहेब खाली, पिठाच्या पोत्यावर. पुन्हा चढली, गुडघ्यापर्यंतच, पुन्हा खाली. मग तिनं नादच सोडला.

जिंकलो! मी अशी किंचाळले की कोंबड्या छपरावर उडाल्या. दिओनिझियो तर पाहुण्यांच्या आजीला घेऊन नाचत सुटला.

बेलार्मिनो मात्र पेरोलाजवळ खाली बसला होता. तिला त्यानं उचललं आणि माझ्यापुढे धरलं.

"घ्या वहिनी, शब्द म्हणजे शब्द. फक्त एक करा. हिला दिवसाआड पिल्लू द्या. मी जेवायला बसलो की माझ्याकडे बघत बसते हो. बायको गेल्यापासून आम्ही दोघंच असतो ना घरात. एकट्याला घास उतरत नाही."

माझं हसू तिथंच विरलं. पेरोला हातात घेतली तर चरबीच्या घड्या लागत होत्या, खवल्यांमधून ताणलेली कातडी दिसत होती. दम लागल्यासारखी पडून होती बिचारी.

"भावजी, हिला भूक नाही. तुम्ही हिला खाऊ घालून मारताय."

त्याचे डोळे भरून आले.

"ही आता माझ्याकडे राहील," मी म्हणाले. "महिनाभर हिला काही मिळायचं नाही. आणि तुम्ही आजपासून इथं जेवायचं."

"आज?"

"आज, उद्या, रोज. कुणाला तरी चारायचं असेल तर माझ्या नवऱ्याला चारा, तो ओकत नाही."

त्यानं बाहीनं तोंड पुसलं. चुलीकडे बघितलं.

"काय केलंय?"

"मासे."

"जरा जास्त वाढा," तो म्हणाला.