फ्लेक्सवरची जागा

ॲडव्होकेट रिजवान उंब्रजकडचा. तालुक्याच्या कोर्टात त्याची ओळख ‘आप्पांचे वकील’ अशी. आप्पा म्हणजे आमदार. त्यांच्या शिफारशीवर रिजवानला सरकारी वकील व्हायचं होतं. त्यासाठी त्यानं आप्पांचे खटले चालवले, पुतण्याचे चालवले, आप्पांच्या गाडीला आडव्या आलेल्या म्हशीचासुद्धा हौसेनं चालवला.

आणि त्याच कोर्टात न्यायाधीश म्हणून आली चारुशीला. सांगलीत दोघं एका वर्गात होती. वादविवादाचा करंडक तिला, उत्तेजनार्थ त्याला. तिनं कुणाच्या बंगल्यावर चकरा मारल्या नाहीत. परीक्षा दिली आणि खुर्चीत बसली. हे रिजवानला नेमकं जेवताना आठवायचं, मग भाजी अळणी लागायची.

“मीठ बरोबर हाय,” बायको अर्शिया म्हणायची. “कोर्टातलंच काहीतरी कमी पडलेलं दिसतंय.”

आप्पांच्या कॉलेजनं दगडाबाईच्या शेताच्या वाटेवर भिंत घालायला काढली होती. ती थांबवायला दगडाबाईनं दावा लावला. मनाई हुकुमाच्या अर्जावर सोमवारी युक्तिवाद होते. त्याआधी आप्पांचा कार्यकर्ता शिवतेज रिजवानला फ्लेक्सच्या दुकानात घेऊन गेला. म्याडमचं चौकात स्वागत करायचं होतं.

पक्षकारानं न्यायाधीशाचा फ्लेक्स लावायचा नसतो, एवढं रिजवानला कळत होतं. सांगायला त्यानं तोंड उघडलं, तोच पडद्यावर नमुना आला. वर आप्पा आणि चारुशीला, सारख्या मापाचे. खाली तिकिटाएवढ्या चेहऱ्यांच्या रांगेत रिजवान, दूध डेअरीच्या चेअरमनला खेटून. उघडलेलं तोंड दुसऱ्याच कामाला लागलं.

“माझा फोटो एवढाच?”

“हाय की वकीलसाहेब, चष्म्यासकट हाय.”

“अरं, तिच्या वर्गातला हाय मी. वर घे. दोघांच्या मधी.”

शिवतेजनं मधे घेतला. रिजवान त्या रात्री भाजीला काही बोलला नाही.

सोमवारी चारुशीला खुर्चीत बसली, फाईल उघडली आणि साध्या आवाजात म्हणाली, “येताना चौकात माझा फोटो पाहिला. लावणारे या दाव्यातले प्रतिवादी. वकीलसाहेब, मधला फोटो तुमचाच ना?”

तिनं तो बघावा, एवढीच त्याची इच्छा होती.

“होय, मॅडम.”

“प्रतिवादींना मी कधी भेटलेली नाही. रोजनाम्यात नोंद घ्या. बोर्ड प्रतिवादीच्या वकिलांनी जेवणाच्या सुट्टीत स्वतः उतरवावा.” मग ती दगडाबाईचे वकील याकूबभाई यांच्याकडे वळली. “तुमच्या पक्षकाराला दावा दुसऱ्या कोर्टात हवा असेल, तर मी तसं वर कळवते.”

याकूबभाईंनी मागं पाहिलं. दगडाबाई पदर सावरत उठली.

“नगं वो बाईसाहेब. तितं बी फ्लेक्स लागंल. मी किती कोर्टं हिंडू? तुमीच ऐका.”

रिजवान त्या दिवशी चांगला बोलला, कॉलेजातसुद्धा बोलला नव्हता इतका. चारुशीलानं मधे न अडवता सगळं ऐकून घेतलं, मुद्दे लिहूनही घेतले. ते त्याला जास्त झोंबलं. तिनं टोमणा मारला असता, तर निदान घरी सांगायला काही राहिलं असतं. सुट्टीआधीच भिंतीला मनाई झाली.

चौक कोर्टासमोरच. शिडीवर चढून रिजवान गाठी सोडायला लागला. खाली शिवतेज शिडी धरून उभा.

“जरा दमानं वकीलसाहेब. आप्पांचा चेहरा मुडपू नका.”

शिडीवरून तिच्या दालनाची खिडकी दिसत होती. चारुशीला एकटीच डबा खात होती, सावकाश. फोन टेबलावर पालथा पडलेला. तिच्या भाजीत मीठ बरोबर असणार, असं त्याला वाटून गेलं.

तेवढ्यात त्याचा खिसा वाजायला लागला. खिशातून डोकावणाऱ्या फोनवर ‘आप्पासाहेब’. दोन्ही हात दोरीत अडकलेले, आणि शिफारशीचं पत्र अजून व्हायचं होतं. रिजवाननं खिडकीकडं एकदा पाहिलं आणि दोरी सोडली. तिन्ही चेहऱ्यांसकट फ्लेक्स त्याच्या अंगावर आला.

“व्हय, आप्पा,” तो आतून म्हणाला.